दूध ओतणाऱ्या बाईची खिडकी

इरा, निषाद, दिवाळीत तुम्ही तो व्हीआरचा चष्मा माझ्या हातात दिलात, तेव्हा तो कपाटात पडू द्यायचा नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. कपाटात तो पडला नाही. यवतमाळहून निघून मुकुटबनच्या पलीकडल्या एका तांड्यावर जाऊन आला. मीही त्याच्याबरोबर गेले. तिथे जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे.

यवतमाळ

आधी मी एकटीनेच सराव केला. इराने शिकवल्याप्रमाणे खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली, टीपॉय बाजूला केला, दाराला कडी लावली. चष्मा चढवला की माझी बैठक नाहीशी होते आणि मी एका पिवळ्या गव्हाच्या शेतात उभी असते, डोक्यावरून कावळे जातात. पहिल्या दिवशी मी खरंच मान खाली घातली. तुमचे आजोबा आणि मी अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा गाइड बॅटरीच्या झोतात एकेक चेहरा दाखवायचा आणि मागची माणसं आम्हाला पुढे ढकलायची. इथे मागे कुणी नसतं. हवा तितका वेळ उभं राहावं.

मला सगळ्यात आवडलं ते त्या डच चित्रकाराचं स्वयंपाकघर. एक धट्टीकट्टी बाई भांड्यातून दूध ओतते आहे. मूळ चित्र तुम्ही राहता त्या डच गावच्याच संग्रहालयात आहे आणि तुम्ही ते शाळेच्या सहलीत पाहिलं आहे. चष्म्यात ते चित्र भिंतीवर टांगलेलं दिसतं आणि पुढे सरकलं की चौकटीतून आतच जाता येतं. ती खोली कुणीतरी चित्रावरून संगणकात उभारलेली आहे हे मला ठाऊक आहे. तरी खिडकीतून आलेला उजेड पावावर पडलेला पाहून मी हात पुढे केला, आणि तो टीपॉयवर आपटला. बाजूला केला होता, पण पुरेसा नाही.

हेच चित्र आमच्या शाळेत वर्षानुवर्षं भांडणाचा विषय होतं. मी इंग्रजी शिकवायची आणि हरसिंग राठोड सर चित्रकला. ते बंजारा समाजाचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. पुढे ती माणसं तांडे करून स्थिरावली, शेती करू लागली. शाळेच्या वाचनालयात पाश्चात्य चित्रांचं एक जाड पुस्तक होतं. त्यात या बाईची खिडकी चित्राच्या डाव्या बाजूला होती आणि बाई उजव्या हाताने भांड्याची मूठ धरून दूध ओतत होती. राठोड सर म्हणत, छापखान्यात निगेटिव्ह उलटी लागली आहे. खिडकी उजवीकडे पाहिजे आणि बाई डावखुरी पाहिजे.

त्यांच्या बोलण्याला आधार नव्हता असं नाही. एका वर्षी आमच्या वार्षिकांकात ध्वजवंदनाचा फोटो उलटा छापला गेला आणि मुख्याध्यापकांसकट सगळी शाळा डाव्या हाताने सलामी देताना दिसली. शिवाय, सर म्हणत, मी हे चित्र पुस्तकात नाही, पडद्यावर पाहिलं आहे. ते अगदी लहान असताना मुकुटबनच्या बाजाराच्या मैदानात सिनेमा दाखवणारी सरकारी गाडी आली होती. दुधाच्या धंद्याची माहिती देणारा सिनेमा होता. परदेशातल्या गाई, त्यांचे गोठे, आणि शेवटी बराच वेळ हे चित्र. ते आईच्या मांडीवर बसले होते. त्यांची आई डावखुरी होती आणि पडद्यावरची बाईही डाव्या हाताने ओतत होती, म्हणून चित्र मनात बसलं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत आई गेली. तिचा एकही फोटो नाही. मोठे झाल्यावर सरांनी तांड्यावरच्या घराच्या भिंतीवर त्या बाईला आपल्या आईचा फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, आणि ओढणी नेसवली आणि तीच आईची तसबीर झाली.

आता सरांच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला आहे. कडेने दिसतं, समोरचं दिसत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आहे तेही फार दिवस टिकेलच असं नाही. त्यातच पावसाळ्यात ती भिंत ओल धरून खचली आणि आईचं चित्र गिलाव्यासकट खाली आलं. भिंत नवी झाली, कोरी. दिसतं आहे तोवर आईला पुन्हा काढायचं, पण एकदा खरं चित्र डोळ्याखालून घालून, असं त्यांनी ठरवलं. माझ्याकडे चष्मा आहे हे कळल्यावर त्यांनी फोन केला. म्हणाले, "बाई, पुस्तक राहू द्या तुमचं. मी त्या खोलीत जाऊन येतो, मंगच भिंतीले हात लावतो."

पांढरकवडा, केळापूर, मुकुटबन

एसटीत मी खोका मांडीवर घेऊन बसले. वाहकाने विचारलं, मिक्सर आहे काय? मी चष्मा आहे म्हटलं, तर त्याने खोक्याच्या आकाराकडे आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

पांढरकवड्याला उतरून केळापूरच्या जगदंबेचं दर्शन घेतलं. तिथून पुढची वाट मी फार वर्षांनी पाहत होते. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. बायका कमरेला कापसाची ओटी बांधून वाकलेल्या, तूर पिवळी पडत आलेली. मुकुटबन जवळ आलं तसे सिमेंटच्या कारखान्याचे ट्रक सुरू झाले आणि रस्त्याकडेच्या झाडांची पानं राखाडी दिसू लागली. तेलंगणाची हद्द इथून जवळ आहे. चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगू आणि कोलामी एकाच बाकड्यावर बसलेल्या होत्या. तुमच्याकडे सरहद्द ओलांडली की पाटीची भाषा बदलते असं निषाद म्हणाला होता. इथे आधी चहावाल्याची बदलते.

राठोड सर ऑटो घेऊन न्यायला आले होते. त्यांनी मान तिरकी करून, कडेच्या नजरेने मला पाहिलं आणि म्हणाले की बाई, तुम्ही बारीक झाल्या. मी झालेली नाही. पण कडेने तसं दिसत असेल.

तांडा

तांड्यावर सरांची थोरली बहीण झमकूबाई घर सांभाळते. ऐंशीच्या पुढची असेल, पण ताठ. तिने मला मास्तरीनबाई म्हणायचं ठरवून टाकलं. जेवायला ज्वारीची भाकरी, जिला ते बाटी म्हणतात, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा होता. आमच्या घरी भाकरी ताटात मावते. हिची ताटाबाहेर गेली होती. मी अर्धी मोडून बाजूला ठेवली तर म्हणाली, "एवढ्यानं काय होते? थे मशीन उचलून आणलं ना तुम्ही? खा." भावाचीही सुटका नव्हती. तो मान वाकडी करून भाजी शोधायचा तेव्हा ती म्हणायची की कोंबडी दाणे टिपते तसा जेवतो.

जेवण झाल्यावर अंगणात बाज हलवून जागा केली. चष्म्याला आधी जमिनीवर हद्द आखून द्यावी लागते. मी ती नीट आखली आणि तेवढ्यात शेळी आत येऊन बसली. तिला उठवून पुन्हा आखली. तांड्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या आडे मॅडमही पाहायला आल्या होत्या. सरांना मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चष्मा चढवला, पट्टा आवळला. इराने सगळं आधीच आत भरून ठेवलं होतं म्हणून नेटवर्कची गरज पडली नाही.

ते आत गेल्याचं मला त्यांच्या हातांवरून कळलं. त्यांनी दोन्ही हात हळूच वर केले, देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना माणूस चौकटीला हात लावतो तसे. मान डावीकडे, उजवीकडे तिरकी होत होती. भिंतीतला खिळा दिसला म्हणाले. टांगलेली टोपली दिसली. पाव दिसला.  मग विचारलं, "बाई, हे मशीन चित्र उलटवते काय?"

नाही, मी म्हटलं. संग्रहालयाने मूळ चित्रावरून केलेलं आहे.

"खिडकी डावीकडे आहे."

हो, मी म्हटलं.

"अन् ही उजव्या हातानं ओतून राह्यली."

त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. इतकी वर्षं चाललेल्या वादात मी जिंकले होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मी काहीतरी म्हणाले, सिनेमातही चूक होऊ शकते वगैरे. त्यांनी ऐकलं नाही. ते म्हणाले, "मी आईच्या मांडीवर बसून पाह्यलं होतं. चित्र जर असं नव्हतं, तर मंग मांडी तरी होती काय? का तेबी मीच काढलं मनानं?"

झमकूबाई आत भांडी घासत होती. तिला हे ऐकू गेलं नाही.

आडे मॅडमना माझ्याकडे पेनड्राइव्हमध्ये संग्रहालयाने केलेला या चित्रावरचा छोटा सिनेमा आहे हे कळलं होतं. एक चष्मा सगळ्या तांड्याला कसा पुरणार? शाळेत प्रोजेक्टर आहे, उद्या संध्याकाळी सगळ्यांना दाखवू, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. सरांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसती, ते कळलं नाही. त्या संध्याकाळी ते कोऱ्या भिंतीपुढे खुर्ची टाकून बसले होते. रंगाचे डबे बाजूला होते आणि झाकणं बंद.

धोतराचा पडदा

दुसरा दिवस मी झमकूबाईबरोबर शेतात काढला.  भिंत चुन्याने पांढरी करून टाकू, असं सर सकाळी बहिणीला म्हणाले. खोट्या माणसाचं चित्र कशाला? तिने ते मला तुरीच्या ओळीत सांगितलं आणि विचारलं, "मास्तरीनबाई, तुम्ही काय दाखवलं त्याले?" मी तिला सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. खिडकी, डावा हात, उजवा हात. ती म्हणाली, तिला तो सिनेमा आठवतो. गाई लई होत्या. एवढंच म्हणाली आणि मीही पुढे काही विचारलं नाही, कारण मला वाटलं विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

दिवेलागणीला शाळेच्या अंगणात तयारी झाली. पडद्यासाठी सरांचंच एक जुनं, धुऊन विरलेलं पांढरं धोतर विजेच्या खांबाला आणि कुंपणाच्या बल्लीला ताणून बांधलं. पोरं पुढे दाटीवाटीने बसली, त्यांच्या मागे बाया आणि गडी. आडे मॅडमनी बटण दाबलं आणि लाइट गेली. लाइट यायची वाट पाहत सगळे तिथेच बसून राहिले, कुणी उठलं नाही. तुमच्याकडे एवढ्यात तिकिटाचे पैसे परत मागितले असते. इथे तेवढ्या वेळात तांड्यातल्या दोन लग्नांची बोलणी मी ऐकली. सर सगळ्यात मागे, एका कडेला उभे होते. बहिणीने हाताला धरून आणलं म्हणून आले होते.

लाइट आली. धोतरावर उजेड पडला. तेव्हा झमकूबाई बगलेत घोंगडी घेऊन उठली, लोकांमधून वाट काढत पुढे गेली, आणि पडद्याला वळसा घालून त्याच्या मागे निघाली.

पोरं हसली. आडे मॅडम म्हणाल्या, "आत्या, तिकडे कुठं चालल्या? इकडे बसा ना. तिकडून उलटं दिसते."

झमकूबाई थांबली. तिला हसण्याचं कारण कळेना. म्हणाली, "काहून? बायांची जागा मागंच राह्यते. पुढं गडी बसत. आमी, लेकरं, समदे मागं. मुकुटबनले तसंच बसलतो." आणि ती धोतराच्या मागे गेली, घोंगडी अंथरली आणि बसली.

मी सरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मग ते कुणाचाही हात न धरता, लोकांच्या कडेकडेने, पडद्याच्या मागे गेले. मीही गेले. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कधी तिकडे गेले नव्हते. यवतमाळला आम्ही तिकीट काढून बाल्कनीत बसायचो.

मागे अंगण रिकामं होतं. धोतर इतकं विरलेलं की चित्र तिकडच्याइतकंच स्पष्ट इकडे उतरत होतं, थोडं मऊ. आधी शहर आलं, कालवा आला, संग्रहालयाचं दार आलं, तिथल्या अक्षरांची तोंडं फिरलेली. मग ती बाई आली. कॅमेरा हळूहळू जवळ गेला. खिडकी उजवीकडे. मूठ डाव्या हातात. दुधाची बारीक धार खापराच्या भांड्यात.

सर बहिणीशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी मान तिरकी केली आणि काळ्या डागाच्या कडेने पाहत राहिले.

झमकूबाई पडद्यावरची नजर न हलवता बोलू लागली, जणू कालचंच सांगते आहे. "आमी म्हटलं, याडी, चाल ना आता, गाई सरल्या. याडी म्हणे, थांबा, थे भांडं भरू द्या, मंग जाऊ." थोड्या वेळाने ती भावाकडे वळली. "तू तर मंग झोपून गेलता तिच्या मांडीवर. तुझ्या वजनानं पाय बधिर झाला म्हणे तिचा, पण उठे नाही. भांडं भरतच नव्हतं ना."

याडी म्हणजे आई. त्यांच्या बोलीत.

पडद्यावर ती बाई ओततच होती. सर म्हणाले, "म्हणजे होतो मी तिथं."

"नाही त कुठं जाशीन?" झमकूबाई म्हणाली. "समदी वाट उचलून आणलं तुले. एवढा जड."

 पुढच्या बाजूने पोरांचा आवाज येत होता, आडे मॅडम त्यांना डच लोकांबद्दल सांगत होत्या. सिनेमा संपला तेव्हा सरांनी तो पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा पाहताना मी पाहिलं, मोठ्या बायांपैकी काही जणी उठून मागे येऊन बसल्या होत्या. तिकडे पोरांच्या गलक्यात काही ऐकू येत नाही, असं त्या म्हणाल्या.

परत

सकाळी मी निघायच्या आधीच सर भिंतीपुढे उभे होते. हातात कोळसा. बाह्यरेषा झाली होती. जवळ जाऊन, मान वाकडी करून, रेषेची कड शोधत ते काढत होते. एखादी रेषा दोनदा पडत होती. पुसत नव्हते. खिडकी उजवीकडे होती.

मी विचारलं की आता तर मूळ चित्र कसं आहे ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. मग?

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, "तुमचं पुस्तक बरोबर होतं, बाई. पुढून तसंच आहे थे. पण आई पुढं बसली नव्हती." मग म्हणाले की चष्म्यात पाहिलेला त्या बाईच्या कमरेच्या वस्त्राचा निळा रंग मात्र घेणार आहे. सिनेमा काळापांढरा होता. तिचा तो निळा आईने पाहिलाच नव्हता. तेवढा तिला आता देतो.

झमकूबाईने उरलेली भाकरी फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातली. पुढच्या वेळी मशीन आणू नका, म्हणाली, धोतर आहे आमच्याकडे.

परतीच्या एसटीत मला खिडकीशेजारची जागा मिळाली. घरी पोचल्यावर मी पाय धुतले, चहा घेतला, चष्मा चढवला आणि पुन्हा त्या खोलीत गेले. खिडकी डावीकडे होती, मूठ उजव्या हातात. सगळं बरोबर होतं आणि मला ते परक्याच्या घरासारखं वाटलं. मी बाईच्या पलीकडे, भिंतीच्या मागे जाता येतं का ते पाहिलं. तिथे काही बनवलेलंच नाही. नुसता करडा रंग आहे.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. एखाद्या रविवारी दोघं मिळून त्या संग्रहालयात जा. तुमच्या आईच्या पर्समधला छोटा आरसा बरोबर न्या. चित्रासमोर गेलात की पाठ फिरवून उभे राहा, आरसा चेहऱ्यापुढे धरा आणि खांद्यावरून त्या बाईला पाहा. खिडकी उजवीकडे येईल. ती डाव्या हाताने ओतत असेल. गर्दी असेल, लोक तुमच्याकडे बघतील, तिथला रखवालदारही कदाचित जवळ येऊन विचारेल की चित्राकडे पाठ करून काय चाललं आहे.

त्याला सांगा, आम्ही बायांच्या बाजूला बसलो आहोत. भांडं भरलं की जाऊ.